तिळ्यातला मेंढा

धाकट्या भाऊजींनी तिळ्यातला मेंढा आणला तेव्हाच आमच्या ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मेंढा हाडापेराने बारीक, आणि ह्यांना हवा धिप्पाड. "तिघांतला एक म्हणून काय डोक्यावर घेऊन नाचायचं?" असं भावाला तोंडावर विचारलं.

त्या वर्षी मेंढ्यांना एकेकच कोकरू झालं. ह्यांनी भाऊजींची इतकी टिंगल केली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेंढा खाटकाकडे गेला. त्याच भांडणात ह्यांनी भाऊजींना घराबाहेर काढलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "दादा, जुळ्या-तिळ्याचा हा गुण मेंढ्याच्या बायकांत नाही, लेकींत दिसतो." ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमचे हे एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

त्या मेंढ्याच्या लेकी तेवढ्या कळपात राहिल्या. यंदा त्या व्यायल्या, कुणाला जुळी, कुणाला तिळी. ह्यांची छाती अशी फुगली, जणू स्वतःच बाळंत झालेत! पण मेंढीला सड दोनच. दूध पुरेना, कोकरांच्या बरगड्या दिसू लागल्या. तिळ्यातलं सगळ्यात मरतुकडं कोकरू हे बाटलीवर घ्यायचे आणि ते हातातच मान टाकायचं. आज सकाळी आणखी एक गेलं. हे गव्हाणीपाशी बसून राहिले.

"सगळ्या लेकी विकून टाकतो," म्हणाले.

मला रडू आवरेना आणि रागही. मी सरळ भाऊजींना फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन ह्यांच्या कानाला लावला. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"दादा, दुबळ्याला आईपासून तोडू नकोस. थोराडाला बाजूला काढ, तो बाटलीवरही तगतो. बारक्या दोघांना आई राहू दे."

हे उठले. ज्याचं कौतुक येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते, तेच गुबगुबीत कोकरू त्यांनी उचललं. ते पाय झाडत ओरडू लागलं. बारकी दोघं लगेच कासेला भिडली.

"तू ये ना रे परत," हे म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"बाहेर काढताना तू धाकट्यालाच काढलंस, दादा." भाऊजी चिडले नव्हते, म्हणून जास्तच लागलं. "मी नाही यायचा. कोकरू बाटली धरत नसेल तर फोन कर. उचलीन."

ह्यांनी नुसती मान हलवली. भाऊजींना ती दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.