वारं पडलेला रविवार

"कुठंय आवाज?" रामने अंगणात उभे राहून चारी बाजूंना कान दिला.

कस्तुराबाई टेकडीकडे बघत राहिली. वारा सकाळपासून पडला होता. खुलताबादच्या माळावरची ती पवनचक्की हात पसरून अशी उभी, की हिच्यासारखी गरीब कोणी नाही! मेली रात्रंदिवस भक्क-भक्क करायची, आणि आज लेक मुद्दाम पडेगावहून ऐकायला आला, तर तोंड शिवून बसली.

"आता नाय येत. वारं सुटलं की बघ."

"माय, वय झालं तुझं. कानातच वाजत असंल."

"कानाच्या डॉक्टरला दाखवू, आत्या," सून ज्ञानेश्वरी समजुतीने म्हणाली. "मेंढरं इका अन् चला आमच्याकडं."

कस्तुराबाईला खूप बोलायचे होते. नवरा बिरू गेल्यापासून मेंढरांची राखण तीच करायची. कुत्रं गुरगुरलं की लांडगा आला, हे तिला झोपेतही कळायचं. आता पातं फिरलं की मेंढरांच्या जाळीपाशी कोणी आल्यासारखं वाटे; काठी घेऊन उठावं, तर कोणी नाही. आणि खरोखरच लांडगा आला तेव्हा कुत्र्याचं भुंकणं त्या भकभकीत बुडालं. दोन कोकरं गेली. पण हे सांगावं, तर मेंढरं विकायला आणखी एक कारण! तिचं डोकं ठणकत होतं.

"थांब की रं सांच्यापर्यंत. येतंय वारं."

"रातपाळी हाय, माय. बाजाराच्या दिवशी व्यापारी धाडतो, मेंढरं बघून घेईल."

भाकरी खाऊन, पाया पडून दोघे गेले.

दिवस कलला आणि वारा सुटला. पाती हलली, आवाज सुरू झाला. आयुष्यात पहिल्यांदाच कस्तुराबाईला त्याचा आनंद झाला. लगबगीने तिने रामला फोन लावला, हात उंच करून टेकडीकडे धरला आणि मग कानाशी नेला.

"ऐकलं का रं?"

"काय? आधी तो फॅन बंद कर, माय. काय बी कळंना."

तिच्या घरात फॅन कधीच नव्हता. रामचं सगळं लहानपण त्याच घरात गेलं होतं.

कस्तुराबाई आत गेली. दार लावलं, कडी घातली, फोनवर पदर धरला.

"केला बंद," ती म्हणाली. "नीट पोचलात ना?"