वळून बघायचं नाही

बस जिथं संपते, त्याच्याही पुढं अर्धा तास पायपीट केली की तो दवाखाना लागायचा. शहरात मानसोपचाराचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला चार महिन्यांच्या उमेदवारीसाठी तिथं धाडलं, तेव्हा मैत्रिणींनी तिला असा निरोप दिला, जणू ती पुन्हा दिसणारच नव्हती. गावाने पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं, ‘शिकाऊ ताई’. तिला ते जरा झोंबलं. पण खोटं तरी काय होतं त्यात?

तिच्या वाट्याला आली ती सलाईनची खोकी ठेवायची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात उभं राहायचा वजनकाटा आणि दारापासून टेबलापर्यंत अकरा फरश्या. फोनला रेंज फक्त त्या वजनकाट्यावर उभं राहिलं की यायची. त्यामुळे शहरातल्या तिच्या कॉलेजच्या मॅडम आठवड्यातून एकदा फोनवर तिची हजेरी घ्यायच्या, तेव्हा बोलणी खाताना आपलं वजन किती हेही तिला दर वेळी कळायचं.

दुसऱ्या आठवड्यात मैना आली. वय वर्षं सात, आई गावात शिवणकाम करायची. घरी पोरीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणूनच बापाने हे नाव ठेवलं होतं. पण उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप. दोन वर्षांत शाळेत एक अक्षर नाही. गुडघा फुटला तर डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज नाही. गावात तिला मुकी म्हणायचे, तिच्या देखतच.

शाळेचे हेडमास्तर वाईट नव्हते, नियमाचे होते. “दोन वर्षं वाट बघितली,” ते म्हणाले. “तोंडी परीक्षा कशी घेऊ मी हिची? शहरात मुक्या मुलांची शाळा आहे, तिथंच राहायची सोय आहे. तुम्ही फक्त या अर्जावर लिहून द्या.”

अर्ज ताईच्या टेबलावर पडला. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, “ताई, ही झोपेपर्यंत माझं डोकं खाते हो. आणि बोलते ती घरात, फक्त आमच्याशी. मग तिथं, माझ्याशिवाय, कोणाशी बोलेल? तिथं गेली तर खरंच मुकी होईल माझी पोर.”

ताईला हा आजार पुस्तकातून माहीत होता. जिभेत दोष नाही, डोक्यात दोष नाही, आपला आवाज परक्याने ऐकण्याची भीती. मोठ्यांना उंचीची असते ना, तेवढीच खरी. उपायही पुस्तकातलाच. आई आणि मुलगी खोलीत खेळतील, ताईची खुर्ची दाराबाहेर. रोज एक फरशी आत सरकायचं. पाठ करून बसायचं, काही विचारायचं नाही. आणि आवाज आलाच, तर तो आल्याचं दाखवायचं नाही.

सहाव्या फरशीवर आवाज आला.

“आई, हा तुकडा इथं नाही बसत.” चित्राच्या तुकड्यांचं कोडं सोडवता सोडवता मैना सहज बोलून गेली. थोडा घोगरा, छान, रेटून बोलणाऱ्या पोरीचा आवाज. आणि आमची शिकलीसवरलेली ताई गर्रकन वळली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, “अगं, किती गोड आवाज आहे तुझा!”

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मैना टेबलाखाली गेली ती तासभर बाहेर आली नाही. त्यानंतर तीन आठवडे त्या खोलीत ती आईशीसुद्धा बोलली नाही.

“टाळ्या?” मॅडम फोनवर म्हणाल्या. वजनकाट्याचा काटा थरथरत होता. “ज्याची तिला भीती, नेमकं तेच तू केलंस. खुर्ची परत दाराबाहेर ने. आणि दवाखान्यात ज्यांची तिच्याशी गाठ पडते, त्या सगळ्यांना आईच्या परवानगीने सांग. ती बोलली तर वळून बघायचं नाही.”

असे दोघेच होते, सिस्टर आणि कंपाउंडर. सिस्टरने मान हलवली, विषय संपला. कंपाउंडरने तर शपथ घेतली. आता या गृहस्थाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, नव्हतं ते ताईला. भिंतींना कान असतात म्हणतात, या दवाखान्याच्या भिंतींना तोंडही होतं.

चारच दिवसांनी न्हाव्याने तिला रस्त्यात गाठलं. “ताई, एक शंका होती. वळून बघायचं नाही ते समजलं. पण माझं काम पडलं आरशासमोरचं. आरशात बघितलेलं चालतं का?”

म्हणजे कंपाउंडरने गावभर केलं होतं, हे ताईला तेव्हा कळलं. “आरशातसुद्धा नाही!” एवढंच ती कशीबशी म्हणाली आणि तडक जाऊन कंपाउंडरला फैलावर घेतलं. पेशंटची गोष्ट चव्हाट्यावर मांडता? आता सगळं गाव त्या पोरीकडे टक लावून बघेल, कळतंय का? तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, “चुकलं, ताई. पण मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलंय.” नीट समजावून! ती रडायचीच बाकी राहिली. मैनाच्या आईची तिने माफी मागितली. आईने हातातला दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, “मुकी म्हणत होतेच की. याहून वाईट काय बोलणार?”

खुर्ची पुन्हा सरकू लागली, या वेळी आठवड्याला एक फरशी. मैना आईच्या कानात कुजबुजू लागली, तेवढंच. ताईची खुर्ची नवव्या फरशीपर्यंत पोचली आणि दिवस संपले. परत जायला चार दिवस उरले होते. अर्ज कोराच होता. अर्जात विचारलं होतं, मूल घराबाहेर बोलतं का. कुजबुज म्हणजे बोलणं, असं कुठल्या तोंडाने लिहिणार?

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. त्या दिवशी बाकांवर चाळीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती. पुढच्याच बाकावर रक्तदाब तपासायला आलेले हेडमास्तर, भिंतीशी न्हावी. मैनाच्या आईच्या बोटात शिलाई मशीनची सुई घुसली होती. सिस्टर तिला बोट धुवायला मागच्या नळावर घेऊन गेली. मैना एकटी बाकावर, हातात नंबराचा पुठ्ठा. ताई सूचनाफलकाच्या काचेमागे लसीकरणाचा तक्ता लावत होती, सगळ्यांकडे पाठ करून.

“सव्वीस!” खिडकीतून कंपाउंडर ओरडला. “सव्वीस कोण? नसेल तर सत्तावीस!”

“सव्वीस आमचा आहे.”

थोडा घोगरा, छान, रेटून बोलणारा आवाज.

ताईच्या हातातली टाचणी हातातच राहिली. समोरच्या काचेत अख्खा हॉल दिसत होता. एकही मान वळली नव्हती. खोकणारे आजोबा खोकत राहिले. दोन बायका कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या, त्यांनी विषयसुद्धा सोडला नाही, फक्त एकीने दुसरीचा हात घट्ट धरला. हेडमास्तर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. आणि न्हाव्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, कारण काच त्याच्याही समोर होती.

कंपाउंडरने वहीतून डोकं वर काढलं नाही. “बरं. पेशंट कोण, तू की आई?”

“आई. ती हात धुवायला गेलीय.”

“काय झालं?”

“बोटात सुई गेली. मशीनची. आरपार. ती रडली नाही, मीच रडले.”

“बसा. बोलावतो.” त्याचा आवाज रोजच्यासारखाच वैतागलेला होता. गावात ज्याच्या पोटात काही राहत नाही, त्या माणसाने एवढं सगळं गिळलं. नंतर ताईने त्याची वही पाहिली, तेव्हा एकाच ओळीत पाच वेळा सव्वीस लिहिलेलं होतं.

आई मागच्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती धावली नाही, येऊन लेकीशेजारी बसली आणि म्हणाली, “झाला का गं नंबर?”

“बोलावतायत,” मैना म्हणाली. दोघी आत गेल्या.

दार लागलं, तरी हॉलमध्ये कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आत ऐकू जाईल ना! ताईने काचेवरची नजर खाली वळवली, आरशातसुद्धा नाही हा नियम तिचाच होता. पुस्तकात लिहिलं होतं, शक्य झाल्यास दोन-तीन व्यक्तींचं सहकार्य घ्यावं. इथं चाळीस माणसांनी एका पोरीसाठी आपली उत्सुकता दातांखाली धरली होती, आणि यातलीच काही तिला मुकी म्हणत होती. माणसं इतकी चांगली असू शकतात? देवळात उभं राहिल्यावर होतं तसं काहीतरी तिला त्या फिनेलच्या वासात होत होतं.

शेजारी पावलं वाजली. हेडमास्तर. त्यांनी भिंतीकडेच बघत हलक्या आवाजात म्हटलं, “मी काही ऐकलं नाही, ताई. पण तो अर्ज मला परत द्या. चुकून आला असेल तुमच्याकडे.” तिने आणून दिलेला कोरा अर्ज त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकला, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

ताई पुन्हा फलकाकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरांचं दार उघडलं. छोटी पावलं हॉलमधून सरळ चालत आली आणि तिच्या पाठीमागे थांबली. बाकावरचे आजोबा घाईघाईने खोकले.

“ताई,” मैना म्हणाली, “तू सारखी तिकडेच का बघतेस? इकडे बघ ना. आईच्या बोटाला केवढं बँडेज बांधलंय!”

तेव्हा ताई वळली.

“बघू,” ती म्हणाली.