बँडचे पैसे

आमच्या मरोळच्या घराच्या माळ्यावर मे महिन्यात पाव भाजता आला असता. वर तापलेली मंगळुरी कौलं, खाली मी आणि माझा नवरा मार्कस, आणि मला सातवा महिना. पहिलं बाळंतपण वसईला आईकडे, हे ठरलेलंच होतं. पण मी मार्कसला साफ सांगितलं, "माळ्याला सीलिंग लागल्याशिवाय मी पोराला घेऊन इथं येणार नाही."

मार्कसनं कुंडलिक सुताराला बोलावलं. कौलांखाली थर्माकोल, त्याखाली प्लायवूड, चोवीसशे रुपये. मार्कसचा पगार अकराशे. मग तो म्हणाला, कौलांना चुना मारू या.

"आणि पावसात चुना वाहून गेला की परत भाज मला," मी म्हटलं. माझं तोंड तसं चालतंच.

माझे सासरे, इसिडोरपपा, जिन्याखाली बसून ऐकत होते. चाळीस वर्षं गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेला माणूस. लग्न असो की मयत, सगळ्यांत पुढे तेच. स्वतःच्या मयतीसाठी त्यांनी ट्रंकेत पैसे साठवले होते. आठ जणांचा बँड, घरापासून कबरीपर्यंत, वाटेत कुठंही न थांबता. त्या पैशांना घरात कुणी हात लावत नसे.

त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत. सुनेचं यांना काही पडलेलं नाही, असं धरून मी रागातच वसई गाठली.

मुलगी झाली. ऑक्टोबरात मार्कस आम्हाला घेऊन आला. भर दुपारी माळ्यावर चढले, तर वर पांढरंशुभ्र सीलिंग आणि अंगाला घाम नाही. मुलीला खाटेवर टाकताच ती झोपली.

"पैसे कुणी दिले रे?"

मार्कसनं जिन्याखाली बोट दाखवलं. मला फार लाज वाटली. खाली जाऊन म्हटलं, "पपा, तो तुमचा बँड होता."

"अगं बाय, मी जाणार तिथं थंडच असतं," ते म्हणाले. "गरम तुम्हाला होत होतं."

"पण बँडशिवाय तुम्ही जाणार कसे?"

तेवढ्यात वर मुलगी जागी झाली आणि तिनं असा गळा काढला, की शेजारची ॲग्नेसमावशी खिडकीत आली. पपा डोळे मिटून ऐकत राहिले.

"दम आहे पोरीच्या छातीत," ते म्हणाले. "ट्रम्पेट शिकवतो तिला. सावकाश शिकू दे, मी थांबतो."