एका दुपारपुरती वीज

बालाजीराव तंजावरकडचे मराठी. सारी उमर सरकारी वीजखात्यात काढल्यावर ते चेन्नईच्या उत्तरेला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका खाजगी गॅस वीजकेंद्रात लागले. मुलगी हरिणी तेव्हा नुकतीच इंजिनीयर झाली होती. तिला गुजरातमधल्या चालू वीजकेंद्रात नोकरी मिळत होती. बालाजीरावांनी तिला जाऊ दिलं नाही. वर्षभरात गॅस येईल, घरी राहून तेच काम करता येईल, असं त्यांनी समजावलं. ती थांबली आणि वडिलांच्याच केंद्रात लागली.

गॅस आला नाही. पाइपलाइन कुठंतरी मधेच अडकली होती. टर्बाइनचा जड रोटर वाकू नये म्हणून तो रोज हळूहळू फिरवत ठेवायचा, एवढंच काम उरलं. हरिणी कंट्रोल रूममध्ये बसून विजेच्या तुटवड्यानं राज्याच्या वीजजाळ्याची, म्हणजे ग्रिडची, फ्रीक्वेन्सी घसरताना पडद्यावर पाहायची. २००८ साली राज्यभर वीजकपात सुरू झाली, तरी त्यांचं केंद्र बंदच होतं.

एके दिवशी मॅनेजर नारायणस्वामींनी बालाजीरावांना बोलावून घेतलं. मालकांनी मशीन परदेशी विकायचं ठरवलं होतं. घेणारे लोक ते चालताना पाहायला येणार होते. त्यासाठी टँकरनं नाफ्था मागवला होता, कारण मशीन गॅसऐवजी त्या द्रव इंधनावरही चालू शकत होतं. विक्रीचं कामगारांना कळता कामा नये, कळलं तर ते आधीच निघून जातील, असं त्यांनी बजावलं. मशीन कोण चालवणार, असंही विचारलं. बालाजीरावांनी हरिणीचं नाव सांगितलं.

घरी त्यांनी विक्रीचं लपवलं. चाचणी आहे एवढं ऐकूनच हरिणीचा चेहरा उजळला होता.

त्या दुपारी तिनं मशीन सुरू केलं. आवाज चढत गेला, टेबलावरचे पाण्याचे ग्लास थरथरू लागले. वेग ग्रिडशी जुळल्यावर तिनं मशीन ग्रिडला जोडणारा ब्रेकर लावला आणि पडद्यावर मेगावॅटचा आकडा वर जाऊ लागला. पाहुणे मागं उभे राहून बघत होते. तिनं चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या घरी आईला फोन लावला. सरोजाबाई म्हणाल्या, इथं तर करंट गेलाय.

"थांब अम्मा, पाठवतेच," हरिणी हसत म्हणाली.

बालाजीरावांना तिथं उभं राहवेना. ते बाहेर व्हरांड्यात गेले.

तासाभरानं पाहुण्यांपैकी एकानं नारायणस्वामींना इंग्रजीत विचारलं, मशीन सुटं करून बंदरात पोचवायला किती दिवस लागतील? हरिणीनं ते ऐकलं. ती उठून व्हरांड्यात आली.

"अप्पा, तुम्हांला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला का बसवलंत?"

"तुझ्या हातून ते एकदा तरी चालावं, असं वाटलं."

 ती वळली आणि आत गेली. नाफ्था संपत आला होता. तिनं लोड उतरवला, ब्रेकर उघडला आणि मशीन थांबवलं. कुणी तिला मदत केली नाही आणि तिनंही कुणाकडे पाहिलं नाही.

महिन्याभरात मशीनचे तुकडे झाले. हरिणीनं दुसऱ्या वीजकेंद्रांत अर्ज केले. मुलाखतीत मशीन चालवल्याचा अनुभव विचारत. एक दुपार, असं ती खरं सांगायची आणि समोरचे लोक हसू आवरायचे. शेवटी तिनं चेन्नईतल्याच शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात नोकरी धरली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं काम. पगार चांगला होता. मशीनचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

बालाजीराव मशीनच्या सुट्या भागांची शेवटची पेटी बंदराकडे जाईपर्यंत थांबले. मग तेही घरी बसले.

हरिणी आईशी अजून मराठीतच बोलते. बालाजीरावांनी मराठीत काही विचारलं, तर तमिळमध्ये उत्तर देते, आदरानं, मोजकंच. एकदा जेवताना सरोजाबाईंनी तिला त्यावरून टोकलं. बालाजीरावांनीच हातानं खुणावून सरोजाबाईंना गप्प केलं आणि समोरचं ताट बाजूला सारून ते उठले.