रेघेवरचा बॉल
"मॅडम, पहिल्या फायनलचं सांगा ना," सह्या घ्यायला आलेल्या मुलींपैकी एक म्हणाली.

टेनिस चॅम्पियनचं पेन थांबलं. मुलींच्या मागे त्यांची खेळाची शिक्षिका उभी होती. बत्तीस वर्षांनीही चॅम्पियनने तिला ओळखलं. त्या फायनलमध्ये जाळीच्या पलीकडे हीच होती.

कुणाच्या सर्व्हिसला कधी न डगमगलेली चॅम्पियन, पण या साध्या प्रश्नाचं उत्तर टाळून तिने सहीसाठी पुढची वही ओढली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

तेव्हा दोघी सोळा वर्षांच्या होत्या. कोर्ट मातीचं. पोरींच्या मॅचला पंच कोण देतो? आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर, हे आपणच प्रामाणिकपणे सांगायचं. मॅच पॉइंटला पलीकडून आलेला बॉल रेघेवर पडला. चॅम्पियनने "आउट" म्हटलं आणि समोरची मुलगी बॉलची खूण बघायला येण्याआधी बुटाने माती सारखी केली. जिंकणारीला प्रशिक्षण केंद्रात जागा होती. ती हिला मिळाली. पुढचे सगळे कप तिने घाम गाळून मिळवले, पण प्रत्येक कप घेताना तिची मान खाली जायची. लोकांना तो विनय वाटायचा.

मुली पांगल्यावर ती शिक्षिकेजवळ गेली.

"तो बॉल आत होता."

"माहितेय मला. तू पुसायच्या आधी बघितला होता मी डाग."

"मग बोलली का नाहीस?"

"घरी बोलले की. तीन दिवस बोलत होते. बाबा म्हणाले, हरलीस ना, मग वर रडीचा डाव नको. माझी रॅकेट कुणाला तरी देऊन टाकली. अजून कशाचीही तक्रार केली की म्हणतात, झालं हिचं सुरू."

"आहेत बाबा?"

"आहेत ना. तुझे फोटो कापून वहीत चिकटवतात. मला दाखवतात, बघ, असं खेळतात."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं चॅम्पियनला झालं. "चल, मी सांगते त्यांना."

"राहू दे गं आता. त्यांना नीट ऐकू येत नाही. ओरडावं लागेल."

"ओरडेन."

शिक्षिकेच्या घरी पोचेपर्यंत बातमी पसरली होती. चॅम्पियनला बघायला शेजारी दारात जमले. म्हातारे बाबा कॉटवर बसले होते, ते हात जोडून हसले. ओरडेन म्हणाली होती, पण एवढे लोक बघून त्यांच्या कानाशी लागून हळूच सांगावं, असं तिने ठरवलं.

"काका, फायनलचा तो बॉल आत होता. मी खोटं बोलले."

"काय म्हणतेस? मोठ्याने बोल, बाळ."

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्याने बोलली की जिन्यातल्या लोकांनीही ऐकलं. दारातली कुजबुज थांबली. तिचे कान तापले होते, आणि तोंड लपवायला त्या खोलीत जागा नव्हती.

बाबांनी मुलीकडे पाहिलं.

"तू सांगत होतीस."

"हो, बाबा."

"आणि मी ऐकलं नाही. तेव्हा तर चांगलं ऐकू येत होतं मला."

ते कॉटवर थोडे सरकले. शिक्षिका त्यांच्या शेजारी जाऊन बसली. चॅम्पियन उभीच राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि तिलाही ते वावगं वाटलं नाही.