ओडेलचे बूट

"साहेब कुठायत?" रेंजर शेल्बीने जीपमधून उतरत विचारलं.

"मासे धरायला गेलेत," वर्ना म्हणाली आणि तिने जीभ चावली. ओडेलचे बूट तर व्हॅनच्या दाराशीच होते.

डकोटातल्या त्या तळ्याकाठी मुक्काम टाकायला पैसे पडत नाहीत. म्हणून तर वर्ना तिथे पडून होती. दाराशी पुरुषाचे दणकट बूट ठेवायचे, दोन खुर्च्या मांडायच्या, म्हणजे आत पुरुषमाणूस आहे असं वाटतं, ही गाडीत एकट्याने राहणाऱ्या बायकांची जुनी युक्ती. बाकीच्या जणी बूट जुन्या बाजारातून आणतात, वर्नाचे घरचेच होते. नवरा ओडेल गेला, त्याच्या आजारपणात घर गेलं, उरले बूट आणि व्हॅन. पंधरवड्याने जागा सोडायची असा नियम, पण शेल्बीने उन्हाळाभर काणाडोळा केला होता. पोरगी भली होती. नुसत्या भलेपणाने काय होतंय म्हणा.

शेल्बीने बुटांकडे पाहिलं. रात्रीचा बर्फ त्यांत काठोकाठ भरला होता. दारापासून तळ्यापर्यंत पावलं उमटली होती, तीही एकाच माणसाची, लहान. तिने वाकून एकेक बूट झटकला.

"उद्या दुपारी फाटकाला कुलूप लागतंय, वर्नाबाई. आता बर्फ वितळल्यावरच उघडणार. माझ्या हातात असतं तर..."

"नाहीये ना तुझ्या हातात? मग राहू दे."

"जाणार कुठे तुम्ही?"

"साहेबांना विचारते," वर्ना म्हणाली.

शेल्बीने मान खाली घातली. बूट आत घ्या, भिजून चामडं तडकतं, एवढं पुटपुटून ती निघून गेली.

वर्नाने बूट आत नेऊन शेगडीपाशी ठेवले. ऊब लागली तसा चामड्यातून ओडेलचा वास यायला लागला, तंबाखूचा आणि घामाचा. बूट मांडीवर घेऊन ती ढसाढसा रडली. उद्या जायला कुठे जागा नव्हती, आणि फोन करावा असं एक माणूस उरलं नव्हतं.

दिवस मावळला. पलीकडे झाडांपाशी एक अनोळखी गाडी येऊन थांबली. दिवे विझले, पण कुणी उतरलं नाही. वर्ना काचेतून बराच वेळ बघत राहिली. मग उठली, डोळे पुसले, आणि ते ऊबदार बूट पुन्हा बाहेर बर्फात नेऊन ठेवले.