रेडिओ बंद केल्यावर

चष्मेवाल्याने विमान बांधायला घेतलं ते प्रेमापोटी. विमानाच्या नव्हे, धाकटीच्या. धाकटीच्या आई, म्हणजे काकू, भूल देणाऱ्या डॉक्टर. जन्मभर लोकांना झोपवून सुखरूप उठवलं आणि निवृत्तीनंतर रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या क्लबात तपासनीस होऊन बसल्या. "आधी याचं विमान माझ्याकडून पास होऊ दे, मग लग्नाचं बोलू," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आई विनोद करत नाही, हे धाकटीने वर बजावलं होतं.

सुट्टीच्या सकाळी दोघांनी लाल पंखांचं विमान क्लबच्या मैदानातल्या टेबलावर आणून ठेवलं. काकूंनी आधी विमानाच्या नाकावरचा पंखा काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"तपासणी पंख्याशिवाय. बोटं पुन्हा उगवत नाहीत. शेपटी धर गं. आणि तुम्ही, मोटर अर्ध्यावर न्या."

मोटर गुणगुणायला लागली.

"आता हातातला रेडिओ बंद करा."

चष्मेवाल्याने केला. मोटर आपली गुणगुणतच राहिली, जणू काही घडलंच नाही.

"संपर्क तुटला तरी हे शेवटचाच हुकूम पाळतंय," काकू म्हणाल्या. "हवेत असतं तर कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन थांबलं असतं. नापास."

झालं, गडी पेटला. एवढा महागाचा रेडिओ, त्याचा संपर्क तुटेलच कसा? आत बॅटऱ्या दोन, एक गेली तर दुसरी हजर. शिवाय दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलंय. काकूंनी थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला, निवांत प्यायल्या. हा आपला बॅटऱ्यांवरून पुन्हा रेडिओवर आला होता.

धाकटीला हसू आवरेना. "अरे, आई केव्हाची गप्प झालीये. आपल्या भांडणातही तू हेच करतोस. मी बोलायची थांबते आणि तू तेच दळण दळत बसतोस."

चष्मेवाल्याचे कान तापले. परवाच त्याच्या चष्म्यांच्या दुकानाच्या पडद्यांच्या रंगावरून तिने तोंड मिटलं होतं, आणि तो बसथांब्यापर्यंत एकटाच रंग समजावत गेला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

"मग काय करायला हवं?" त्याने विचारलं.

"मोटर बंद," काकू म्हणाल्या. "जरासं वळण. म्हणजे लांब न भरकटता घिरट्या घालत इथेच कुठेतरी उतरतं."

"आणि मग मुकाट्याने थांबायचं," धाकटीने आपली भर घातली.

त्याने रेडिओ चालू केला, मोटरची दांडी तळाला नेली, वळणाची किंचित डावीकडे केली आणि विमानाच्या पोटातलं बारकं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. संपर्क तुटल्यावर काय करायचं, ते विमानाच्या लक्षात राहिलं. मोटर पुन्हा अर्ध्यावर नेली. रेडिओ बंद.

मोटर थांबली. शेपटीची पट्टी हळूच डावीकडे झुकली.

कुणी काही बोललं नाही. बघा, किती सोपं होतं, मी म्हणतच होतो, असं अख्खं भाषण चष्मेवाल्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं. त्याने ते गिळलं. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि ती शांतता काही केल्या संपत नव्हती. त्याने ती तशीच राहू दिली.

मग काकूंनी खिशातून पंखा काढून त्याच्यापुढे धरला.

"घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "लावा."